ड्रम कोर: जूनमधला शो पाहून डिझाइन गंडलंय की अजून पुरं व्हायचंय, हे ओळखायचं कसं?

गोदाकाठ (ओहायो)

नमस्कार मंडळी. मार्चिंग बँडवाल्या आईबाबांची इथे बरीच वस्ती आहे म्हणून हे इथेच विचारते. घरात विचारून झालं. नवरा म्हणाला, "पोरं उन्हात करपतायत आणि तुला जिन्याचा रंग दिसतोय."

लेक यंदा पहिल्यांदाच एका ड्रम कोरमध्ये आहे, मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते. कोरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिला कळलं तर ती ऑगस्टपर्यंत फोन उचलायची नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दीडशेच्या वर पोरं, वय जेमतेम बाविशीपर्यंत. पितळी वाद्यं, ड्रम, पुढच्या कडेला मरिंबा-व्हायब्राफोनचा ताफा, आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारं कलर गार्ड. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना प्रवेश नाही. सगळ्या उन्हाळ्यात एकच शो, अकरा-बारा मिनिटांचा. मे महिन्यात सगळे एखाद्या शाळेत मुक्कामाला येतात, जिमच्या फरशीवर झोपतात, दिवसभर तालीम करतात. जूनअखेरपासून बसने गावोगाव. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियमवर फायनल्स. २००९ पासून तिथेच. २०२० चं वर्ष रद्द झालं होतं, आणि २०२१ ला गुण-नंबरांशिवाय झालं. हे चालवणारी संस्था ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय. पहिली स्पर्धा १९७२ ची.

आता शोबद्दल. आमचा पहिल्याच आठवड्यातला कार्यक्रम एका हायस्कूलच्या स्टेडियमवर होता. मी पन्नास यार्डांच्या रेघेच्या, म्हणजे मैदानाच्या मध्याच्या, किंचित डावीकडे, खालून नवव्या-दहाव्या ओळीत.

विषय बांधकामाचा. एक इमारत उभी राहते, माणसं राहायला येतात, मग ती पाडतात. मैदानावर चाकांवरचे सहा जिने, दीड पुरुष उंच. समोरून राखाडी छापील कापड ताणलेलं, मागून उघडी ॲल्युमिनियमची चौकट. जिने ढकलायला पोरंच असतात, पण मैदानाच्या कडेपर्यंत आणून ठेवायचं काम आम्हा पालकांचं, म्हणून मला त्यांची वजनं, चाकं आणि खोड्या सगळ्या पाठ आहेत. वारा सुटला की कापडाचं शीड होतं. पायथ्याला वजनं लावली नाहीत तर जिना आपणहून चालू लागतो.

आवडलं ते आधी सांगते. ड्रमवाल्यांचा तुकडा. स्नेअरवाले वाजवत वाजवत एकेक पायरी चढतात. प्रत्येक पायरीला बोल थोडा बदलतो, दाट होत जातो, आणि वर पोचल्यावर सगळे एकदम गप्प. मग खाली जमिनीवर पाच बेस ड्रमवाले तोच बोल आपसांत वाटून घेतात, लहान ड्रमपासून मोठ्यापर्यंत, म्हणजे जे चढलं ते गडगडत खाली येतं. शेजारी बसलेल्या गृहस्थांचा आमच्या कोरशी काडीचा संबंध नव्हता. तेही उठून उभे राहिले.

आता खटकलं ते. संथ गाणं, ज्याला हे लोक बॅलड म्हणतात, तिथे सहाही जिने एका रांगेत आडवे उभे करतात आणि निम्मी हॉर्नलाइन, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, त्यामागे. मला दिसत काय होतं? खांद्यावरच्या कॉन्ट्रा ट्युबांची (खर्जाच्या मोठ्या पितळी वाद्यांची) तोंडं, फक्त तोंडं, जिन्याच्या वर डोकावणारी. मेलोफोनचा सूर ऐकू येतोय, छान येतोय, आणि वाजवणारं कोणी नाही. हे मुद्दाम असेल तर ठीक, पण मुद्दाम वाटलं नाही.

दुसरं, रेकॉर्ड केलेला आवाज. एक बाई गंभीर सुरात सांगत राहते की घर म्हणजे काय, भिंत म्हणजे काय. अहो, समोर जिने उभे आहेत, माणसं चढतायत, कळतंय आम्हाला. ती बोलते तेव्हा ट्रम्पेट हळू वाजवतात, आणि नेमकं तिथेच ट्रम्पेटला सगळ्यात सुरेख ओळ दिलेली आहे.

तिसरं, राखाडी जिने, त्यापुढे राखाडी झेंडे. गार्डला अजून पोशाख मिळालेला नाही, पोरी काळ्या तंग कपड्यांत. दिव्यांचा उजेड पडल्यावर सुरुवातीची दोन मिनिटं सगळं सिमेंट.

आणि शेवट नाहीच. म्हणजे संगीत आहे, पण पोरं एका कमानीत उभी राहतात आणि संपेपर्यंत वाजवतात. ड्रिल, म्हणजे मैदानावरची आखीव हालचाल, नाही, जिने बाजूला पडलेले. इमारत पाडायची राहूनच गेली.

गुण सत्तरच्या अलीकडे आले. ते जूनमध्ये सगळ्यांचेच असतात असं म्हणतात, त्यामुळे त्याचं काही नाही. माझा प्रश्न असा: यातलं काय 'अजून झालेलं नाही' आणि काय मुळातच चुकलंय, हे बघणाऱ्याने ओळखायचं कशावरून? ऑगस्टपर्यंत काय बदलतं आणि काय कधीच बदलत नाही?

हूजियर_काका (इंडियानापोलिस)

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: खालून नवव्या-दहाव्या ओळीत.

हा शो तुमच्या हायस्कूलसाठी लिहिलेलाच नाही. तो लुकास ऑइलसाठी लिहिलाय, आणि तिथेही वरच्या मजल्यावरून बघण्यासाठी, कारण वरचे परीक्षक तिथे बसतात. जितकं उंच जाल तितकं मैदान नकाशासारखं उलगडतं. खालून जो जिना भिंत वाटतो, तो वरून एक जाडसर रेघ असतो आणि मागची पोरं त्याच्या डोक्यावरून स्वच्छ दिसतात. जूनमधल्या छोट्या स्टेडियमांत हा घोळ दरवर्षी होतो. प्रॉपवाला, म्हणजे मैदानावर सामान मांडणारा, शो असला की खालची जनता ओरडते, "काही दिसत नाही," आणि त्यांचं खरंच असतं.

पण यावरून त्यांना माफ करू नका. पुढच्या वेळी शक्य तितक्या वरच्या ओळीत बसा आणि फक्त बॅलड बघा. तिथूनही कॉन्ट्राची तोंडंच दिसली, तर डिझाइनवाल्यांचं चुकलंय. तिथून जिने आणि पोरं मिळून काही आकृती होत असेल, तर तुमची जागा चुकली होती.

गुणांचा हिशेब सांगतो, त्यावरून बाकीचंही कळेल. शंभरापैकी ४० जनरल इफेक्टचे, ३० व्हिज्युअलचे, ३० म्युझिकचे. म्युझिकमध्ये ब्रास, पर्कशन आणि एकूण संगीत असे तीन परीक्षक प्रत्येकी २० पैकी देतात आणि बेरीज अर्धी करतात. व्हिज्युअलचंही तसंच, त्यातला एक नुसता कलर गार्ड बघतो. इफेक्टचे ४० मात्र अर्धे होत नाहीत. म्हणजे शो माणसाला पकडतो का, गुंतवून ठेवतो का, यालाच सगळ्यात जास्त वजन. तुमच्या त्या बाईच्या बडबडीची किंमत तिथे मोजली जाते. प्रत्येक परीक्षक शो चालू असताना बोलत बोलत रेकॉर्ड करतो आणि ते नंतर कोरच्या स्टाफला ऐकायला मिळतं. शेजारचे गृहस्थ उभे राहिले ना? तसं काही त्या रेकॉर्डिंगमध्येही असणार, आणि बाईंबद्दलही असणार.

राखाडीवर राखाडीची काळजी सोडा. पोशाख आल्याशिवाय रंगाबद्दल बोलूच नये. झेंडे तर सीझनमध्ये दोनदासुद्धा बदलतात, कापड आणि शिवणयंत्र असलं की झालं. शेवट नसणं हेही जूनमध्ये नेहमीचंच. कित्येक कोर मुद्दाम शेवट मागे ठेवतात. आधीचं अंगवळणी पडल्याशिवाय पोरांवर नवं लादण्यात अर्थ नसतो.

आणि लोकांना आवडलं नाही म्हणजे चुकलं असंही नाही. १९९३ चं स्टार ऑफ इंडियाना, आमच्या ब्लूमिंग्टनचा कोर. १९९१ ला जिंकलेले. १९९३ ला त्यांनी बार्टोक आणि बार्बरचं संगीत घेऊन असा कडक, कोरा शो केला की प्रेक्षकांतून हुर्यो उडवली गेली. फायनल्सला कॅडेट्स या कोरला ९७.४, स्टारला ९७.३. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, आणि पुढे त्याच मंडळींतून 'ब्लास्ट!' हा रंगमंचावरचा कार्यक्रम उभा राहिला. आज १९९३ चं ते रेकॉर्डिंग न बघितलेला डिझाइनर मिळणं कठीण. तेव्हा तुमचं 'खटकलं' जपून ठेवा, पण ते 'समजलं नाही' आहे की 'समजलं आणि पटलं नाही', हे बघा. तुमचं लिहिणं वाचून दुसरं वाटतंय.

चौथा_बेस (शिकागो)

मी पूर्वी मार्च केलंय, चौथा बेस ड्रम. ठाण्याहून आठव्या वर्षी आलो, त्यामुळे शुद्धलेखनाला हसू नका.

काका प्रेक्षकाच्या बाजूने बोलले, मी आतून सांगतो. आमच्या प्रत्येकाकडे डॉट बुक असतं, कमरेला दोरीने अडकवलेली छोटी वही. त्यात प्रत्येक सेटला, म्हणजे ड्रिलमधल्या प्रत्येक ठरलेल्या जागेला, मी कुठे: अमुक यार्डलाइनपासून आत-बाहेर किती पावलं, हॅशच्या खुणांपासून पुढे-मागे किती. पाच यार्डांत आठ पावलं हे नेहमीचं माप. सीझनच्या शेवटी माझ्या वहीत खाडाखोडच जास्त होती. सकाळी शिकलेला सेट संध्याकाळी रद्द, त्याच्यावर नवा चिकटवलेला कागद, त्याच्यावर तिसरा. म्हणजे ड्रिल बदलतं, भरपूर बदलतं.

आता काय बदलत नाही ते ऐका. प्रॉप बदलत नाहीत. ते बनवण्यात पैसा गेलेला असतो, ट्रेलरमध्ये मावतील असे दुमडायचे मोजलेले असतात, स्टेडियमच्या फाटकातून जातील इतकेच रुंद असतात. रंग बदलेल, कापड बदलेल, एखादा जिना गुपचूप घरी राहील, पण जिन्याची भिंत होते हा गुण जिन्यातच आहे, तो त्याच्याबरोबर इंडियानापोलिसपर्यंत जाणार. तो कुठे आणि कोणत्या कोनात उभा करायचा, एवढंच हातात उरतं.

संगीताचा सांगाडाही फारसा हलत नाही. एखादा कट, शेवटी जास्तीचा आवाज, कुठे चार मोजण्या लांबवलेला सूर, इतपत. पण बॅलडच्या जागी दुसरं बॅलड आलं असं क्वचितच होतं.

आवाजाचं म्हणाल तर ते सगळ्यात सोपं. सिंथवाला (सिंथेसायझर वाजवणारा) पोरगा एक बटण दाबतो आणि बाई बोलायला लागते. उद्या दाबलं नाही की संपलं. म्हणून बाईंची चिंता नको, स्टाफला गरज वाटेपर्यंतच त्या आहेत. बऱ्याचदा जूनमध्ये बोलणं जास्त असतं, कारण दृश्य अजून पुरं नसतं आणि प्रेक्षकाला धागा तर द्यायचा असतो.

ओळखायची माझी खूण सांगतो. संगीतात जिथे मोठा धक्का लिहिलाय, सगळी हॉर्नलाइन एकदम वाजते, तिथे नजर लावा. त्या क्षणी पोरं कुठे आहेत? तोंडं प्रेक्षकांकडे, मैदानाच्या मध्यावर, नीट जमलेली असतील, तर डिझाइनवाल्याला काय हवंय ते त्याला माहीत आहे आणि बाकीचं तो भरून काढेल. त्या क्षणी पोरं अजून कुठूनतरी कुठेतरी धावतायत आणि धक्का वाटेतच येऊन गेला, तर संगीत लिहिणारा आणि ड्रिल लिहिणारा एकमेकांशी पुरेसं बोललेले नाहीत. हे जुलैमध्ये दुरुस्त करायला गेलं की मागचे दहा सेट हलवावे लागतात. होत नाही असं नाही, पण त्या आठवड्यात पोरांचे हाल कुत्रा खात नाही.

तुमच्या शोमध्ये तो क्षण कसा होता?

प्लेनोकर (टेक्सस)

सगळं खरं, पण मूळ रोग कोणी बोलत नाहीये. मुळात जिने लागतातच कशाला?

१९८० च्या दशकात गारफिल्ड कॅडेट्सने १९८३, ८४, ८५ असं लागोपाठ तीनदा जिंकलं ते नुसत्या पोरांच्या जोरावर. जॉर्ज झिंगालीने लिहिलेलं ड्रिल, मैदान मोकळं, रेघा वळतात, फुटतात, पुन्हा जुळतात, आणि बघणारा खुर्चीच्या टोकावर. आता आधी ट्रक भरून सामान उतरवायचं, मग त्याला कारण शोधायचं. माझा मुलगा हायस्कूल बँडमध्ये आहे, तिथेही तेच लोण. पालकांच्या सभेत वाद्यांपेक्षा प्लायवूडवर जास्त चर्चा.

२००४ ला माइकला परवानगी दिली, २००९ ला सिंथला. तेव्हापासून खरा खर्ज कोण वाजवतंय, कॉन्ट्रा की स्पीकर, हे खालच्या ओळीत बसणाऱ्याला कळेनासं झालं. २०१३ चा कॅरोलिना क्राउन कोर आठवा. जिंकले, आणि आज लोकांच्या तोंडी आहे ते त्यांचं पितळ, सामान नव्हे.

ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं? ड्रमवाल्यांचा तुकडा. तो जमिनीवर वाजवला असता तरी आवडला असता.

चौथा_बेस (शिकागो)

प्लेनोकर, नाही. अजिबात नाही. जमिनीवर तो नुसता चांगला ड्रम ब्रेक झाला असता. ताईंनी लिहिलंय ते वाचा: बोल चढतो आणि मग गडगडत खाली येतो. जिना नसेल तर 'चढतो' कुठून आणणार?

ब्लूकोट्सचं घ्या, ओहायोतल्या कँटनचा कोर. २०१४ ला 'टिल्ट', दुसरा नंबर, आणि तोही ज्या वर्षी ब्लू डेव्हिल्स या कोरने ९९.६५ घेतले, आजवरचे सर्वोच्च गुण. २०१५ ला तिसरा. २०१६ ला 'डाउन साइड अप' घेऊन आले: मैदानावर मोठमोठ्या वळणदार घसरगुंड्या, डोक्यावर टोप्या नाहीत, जुन्या पद्धतीचा गणवेश नाही. जुन्या मंडळींनी तुमच्यासारखंच नाक मुरडलं. पोरं वाजवून झालं की वरून घसरत खाली येत होती, आणि मैदानाला एकाएकी उंची आली. त्या वर्षी पहिलं विजेतेपद, ९७.६५०. ती घसरगुंडी काढून टाका, शोच उरत नाही. प्रॉप असावा की नसावा याची कसोटी माझ्या मते एवढीच: काढून बघायचा, मनातल्या मनात.

ताईंच्या शोमध्ये ड्रम ब्रेकला जिना हवाच. बॅलडला नकोय, असं दिसतंय.

पथक_कोथरूड (पुणे)

वाचायला मजा येतेय. मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, यातलं काही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, व्हिडिओच. एक शंका.

आमच्याकडे गणपतीच्या आधी नदीपात्रात दोन-अडीच महिने सराव चालतो. चिखल, डास, कोणाच्या ढोलाची दोरी ढिली, ध्वज फिरवणारी पोरं एका कोपऱ्यात. तो सराव कोणी तिकीट काढून बघत नाही, आणि गुण तर मिरवणुकीतही नसतात. तुमच्याकडे अर्धवट शो लोकांसमोर नेऊन त्याला आकडा लावतात. मग अपुऱ्या कामावर टीका होणारच ना? शो पुरा झाल्यावरच का नाही बाहेर काढत?

आणि एक विचारायचं होतं. हे बसवतं कोण? आमच्यात वादकांतलेच जुने लोक बसवतात.

हूजियर_काका (इंडियानापोलिस)

ताशेवाले, चांगलं विचारलंत.

बसवणारे वेगळे असतात, पगारी. ब्रासचं संगीत लिहिणारा एक, ड्रमचं दुसरा, ड्रिल लिहिणारा तिसरा, गार्डचं नृत्य बसवणारा चौथा, आणि या सगळ्यांची मोट बांधणारा एक. मागच्या हिवाळ्यापासून त्यांच्या बैठका चालतात. पोरं मैदानावर येतात तेव्हा कागदावर बरंच काही झालेलं असतं. चौथा_बेस म्हणाला तसं, दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की पोरांच्या पायांवर येतं.

अर्धवट का नेतात? कारण तालमीत कळत नाही. चार-पाच हजार माणसं समोर असली की कुठे टाळी पडते, कुठे लोक मोबाइल काढतात, कुठे खोकतात, हे पहिल्याच रात्री दिसतं. आणि हिशेबही आहेच: तिकिटांचे पैसे, बसचं डिझेल, रोज चार वेळची पंगत. पोरं स्वतः काही हजार डॉलर भरून येतात, तरीही भागत नाही.

आकडा जूनमध्ये कोणी मनावर घेऊ नये, पण पोरं घेतातच. २००८ ला फँटम रेजिमेंट हा कोर 'स्पार्टाकस' घेऊन अख्खा उन्हाळा मागून येत होते. शेवटच्या रात्री ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ ने मागे टाकलं. एक दशांश नव्हे, त्याचाही चौथा हिस्सा. अशा वेळी जूनमधल्या सत्तर आणि एकाहत्तरला काय अर्थ?

गोदाकाठ (ओहायो)

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात लिहिता आलं नाही, मी स्वयंपाकाच्या ट्रेलरवर होते. दोनशे माणसांचा कांदा चिरल्यावर टायपिंग सुचत नाही.

आता दुसरा शो पाहून आले. काका, मुद्दाम सगळ्यात वरच्या ओळीत बसले, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. तुमचं अर्धं बरोबर. वरून पाहिलं तर जिने आणि मागची पोरं मिळून खरोखर एक आराखडा होतो, घराचा, खोल्या आणि दार असलेला. मेलोफोन 'दारात' उभे असतात! खालून हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण वरूनही कॉन्ट्रा झाकलेल्याच. म्हणजे कल्पना आहे आणि ती अजून मैदानाला बसलेली नाही. त्यांनाही दिसलं असावं, कारण या वेळी मधले दोन जिने तिरके केले होते, आणि फटीतून तिसऱ्या-चौथ्या ओळीतली पोरं दिसायला लागली.

चौथा_बेस, तुम्ही विचारलेला मोठा क्षण. मुद्दाम बघितला. बॅलडच्या शेवटी येतो. पोरं उभी असतात, समोर तोंड करून, आवाज असा येतो की छातीला बसतो. त्यांना हवं ते ठाऊक आहे. मात्र त्याच्या आधीचा क्षण, जिने बाजूला सारण्याचा, तो लांबतो. मैदानावर नुसती ढकलाढकली. चाकं गवतात रुततात हो. कृत्रिम हिरवळीवर सुळकन जातात, पण त्या शाळेत खरं गवत होतं आणि आदल्या दिवशी पाऊस. लुकास ऑइलला छप्पर आहे, गवत खोटं आहे, वारा नाही, त्यामुळे हे दुखणं तिथे आपोआप बरं होईल. पण त्याआधी अख्खा जुलै आहे.

बाई निम्म्या झाल्या. सुरुवातीचं भाषण गेलं, शेवटची चार वाक्यं उरली. ट्रम्पेटची ओळ आता ऐकू येते, आणि लोकांनी तिथे टाळ्याही दिल्या. गार्डला पोशाख मिळाला, विटकरी रंगाचा. राखाडीपुढे तो असा उठून दिसतो की पहिल्या दोन मिनिटांबद्दलची माझी तक्रार मागे. शेवट अजून नाही. कमान जरा वाकडी केलीये, बस.

आणि वाईट बातमी. स्नेअरवाल्यांचं जिना चढणं काढलं. ओल्या पायरीवरून एक पोरगा घसरला, सुदैवाने फार लागलं नाही. आता ते चढून झाल्यावर वाजवायला लागतात. बोल तोच, बेस ड्रमचं गडगडणं तेच. लोकांनी टाळ्या दिल्या, पण कोणी उठून उभं राहिलं नाही. प्लेनोकर, तुमच्यासाठी हा प्रयोग आयताच झाला. आता सांगा जिना हवा होता की नको.

लेकीला हळूच विचारलं, परत घालणार का? ती म्हणाली पायऱ्यांना खरखरीत पट्ट्या चिकटवतायत, मग बघू म्हणालेत. आणि म्हणाली, आई, तू कुठे हे सगळं लिहीत तर नाहीस ना.

प्लेनोकर (टेक्सस)

बरं, या एका जिन्याला मान्यता. बाकीच्या पाचांना नाही.

ताई, फायनल्सला जाणार ना? आम्ही सॅन अँटोनियोचा अलामोडोममधला शो बघून ठरवणार आहोत. इंडियानापोलिसला कुठली तिकिटं काढावीत? खालची महाग आहेत आणि काकांचं वाचून आता ती फुकट दिली तरी नको वाटतात.

हूजियर_काका (इंडियानापोलिस)

खालची घेऊच नका. वरच्या मजल्यावरची, पण अगदी शेवटच्या ओळी टाळा, छताजवळ आवाज घुमतो आणि बॅटरीचे, म्हणजे चालत वाजवणाऱ्या ड्रमवाल्यांचे, बोल एकमेकांत मिसळतात. दोन्ही ४० यार्डांच्या रेघांच्या मध्ये कुठेही चालेल. फायनल्सला बाराच कोर असतात, शनिवारी. गुरुवारच्या प्रिलिम्सना, म्हणजे प्राथमिक फेरीला, सगळे येतात, तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि मधे उठून जागा बदलून बघता येते. ताईंचा कोर मी त्या दिवशी दोन्हीकडून बघीन, आधी खालून, मग वरून.

जेवण बाहेरून करून या. आतली पिझ्झाची रांग बॅलडपेक्षा लांब असते.